आधी अंग मुरवा, मग जोर लावा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

व्यायामानं दुखापत होते का, हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत अनेक पालकांनी विचारला आहे. विचारण्यामागचं कारण बहुधा ठरलेलं असतं. मुलगा चांगला धडधाकट होता, भरतीसाठी पळायला लागला आणि पाय धरून बसला. नाहीतर, यजमानांनी चाळिशीत सायकल घेतली, दोन रविवार घाटात गेले आणि तिसऱ्या रविवारी गुडघा शेकत बसले. मग व्यायाम केलेला बरा की न केलेला बरा?

मी मुळशी तालुक्यात, मुठा खोऱ्यात राहतो. इथल्या शाळांतून शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझी नोकरीची सारी वर्षं गेली. त्या अनुभवावरून माझं उत्तर असं, की नेमानं केलेल्या व्यायामानं दुखापत क्वचितच होते. ती होते अचानक केलेल्या व्यायामानं. शरीराला कालपर्यंत ज्याची सवय नव्हती, ते आज एकदम त्याच्याकडून मागितलं, की ते तक्रार करतं. सवय आणि मागणी यांच्यातलं अंतर जितकं मोठं, तितकी दुखापतीची शक्यता मोठी. आजचं माझं सगळं बोलणं या एकाच वाक्याभोवती आहे.

तालमीतला क्रम

आमच्या भागाला व्यायाम नवा नाही. सारा महाराष्ट्र ज्यांना कुस्तीमहर्षी म्हणून ओळखतो, ते मामासाहेब मोहोळ याच खोऱ्यातले. राज्यातल्या कुस्तीची संघटना बांधण्यात त्यांनी आयुष्य वेचलं. १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली, आणि पुढे त्या स्पर्धेच्या विजेत्याला मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीयांकडून चांदीची गदा देण्याची प्रथा पडली. मुळशी-मावळातल्या गावांत एके काळी देवळाबरोबर तालीम असायचीच. अनेक गावांतल्या तालमी आता ओस पडल्या आहेत. पण तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीत दुखापत टाळण्याचं जे शहाणपण होतं, ते आपण पुन्हा समजून घेण्यासारखं आहे.

तालमीत नवा पोरगा आला, की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी कुस्ती खेळू देत नसत. आधी फावडं हातात द्यायचे. हौद्यातली तांबडी माती खणायची, उलथीपालथी करायची, ढेकळं फोडायची. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असायची. माती खणून झाली, की अंगाला घाम सुटलेला असायचा. मग जोर, मग बैठका, त्याही मोजक्या. आज पंचवीस, चार दिवसांनी तीस. कित्येक दिवस त्या पोरानं नुसतं पडायला शिकायचं, मान आत घ्यायला शिकायचं. त्यानंतर बरोबरीच्या जोडीदाराशी हलकी खडाखडी, आणि पुष्कळ दिवसांनी खरी कुस्ती. शेवटी मालिश आणि विश्रांती. वस्ताद म्हणायचे, ‘अजून अंग मुरलं नाही.’ लोणचं मुरतं तसं अंग मुरावं लागतं, ही त्यांची कल्पना.

आता शरीरशास्त्राच्या भाषेत बघा. मातीची खणणी म्हणजे आजच्या भाषेतला वॉर्मअप. काम करू लागल्यावर स्नायूंचं तापमान वाढतं, त्यांच्याकडे रक्त जास्त जातं, सांध्यांतलं वंगण नीट पसरतं. गार स्नायू आणि गरम स्नायू यांत गार मेण आणि कोमट मेण यांच्याइतका फरक असतो. गार मेण वाकवलं तर मोडतं.

आणि ‘मुरणं’ म्हणजे काय? शरीराचे सगळे भाग सारख्या वेगानं तयार होत नाहीत. व्यायाम सुरू केला, की दम आणि स्नायू लवकर सुधारतात. चार-सहा आठवड्यांत पोराला वाटू लागतं, आपण आता तयार झालो. पण स्नायूला हाडाशी बांधणारी जी कंडरा असते, आणि दोन हाडांना बांधून ठेवणारे जे अस्थिबंध असतात, त्यांना रक्ताचा पुरवठा कमी. ते सावकाश घट्ट होतात, त्यांना महिने लागतात. हाडाची गोष्ट आणखी वेगळी. नवा भार आला, की हाड आधी आपला जुना भाग झिजवतं आणि मग त्या जागी नवा भरतं. घराची डागडुजी करताना आधी भिंत उकरावी लागते, तसंच. म्हणजे मधल्या काही आठवड्यांत हाड नेहमीपेक्षा थोडं कमजोरच असतं. दम म्हणतो ‘पळ’, स्नायू म्हणतात ‘पळ’, आणि हाड म्हणत असतं ‘थांब’. दुखापत होते ती या काळात.

ही गोष्ट जगाला सैनिकांच्या पायांनी शिकवली. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी, लांबलांब कवायतीनंतर सैनिकांची पावलं सुजतात आणि दुखतात, असं नोंदवलं. कारण कळायला चाळीस वर्षं जावी लागली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, त्यानंतर दिसलं, की या पावलांतल्या हाडांना बारीक तडा गेलेला असतो. ना कुणी मारलं, ना कुणी पडलं. नुसतं सवय नसताना चाललं, म्हणून हाड तडकलं.

भरतीची घाई

हे सगळं मी का सांगतो आहे? कारण आमच्या गावांतून आज सर्वांत जास्त व्यायाम होतो तो भरतीसाठी. पोलीस भरतीच्या सध्याच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावावं लागतं आणि गोळा फेकावा लागतो. मैदानी चाचणीला एकूण ५० गुण असतात. एकेका गुणावर नोकरी अडलेली असते, आणि त्या नोकरीवर अख्खं घर. शेती थोडी, त्यातली काही विकली गेलेली, धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं आहे, अशा घरातला मुलगा जेव्हा पहाटे रस्त्यावर पळताना दिसतो, तेव्हा तो हौस म्हणून पळत नसतो.

पण पळायला सुरुवात कधी होते? जाहिरात निघाल्यावर. मग सहा आठवड्यांत सहा महिन्यांचं काम उरकायचं असतं. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर, तेही चुलतभावाच्या झिजलेल्या बुटांत. आमच्या खोऱ्यातला एक मुलगा मला आठवतो. वर्गात धावण्यात पहिला यायचा. बारावीनंतर दोन वर्षं कारखान्यात उभ्यानं काम केलं, आणि भरतीची जाहिरात निघताच दोन वेळा पळायला लागला. चौथ्या आठवड्यात नडगीवर एका जागी दुखू लागलं. घरच्यांनी तेल लावून शेकलं, त्यानं वेदनाशामक गोळी घेऊन पळणं चालू ठेवलं. मैदानाच्या आठ दिवस आधी पाय टेकवेना. नडगीच्या हाडाला तडा गेला होता. ती भरती गेली. पुढच्या वेळी त्यानं पाच महिने आधी सुरुवात केली, पहिले तीन आठवडे नुसतं चालणं आणि थोडं पळणं. यंदा तो गणवेशात आहे. मधली दोन वर्षं मात्र वाया गेली.

म्हणून भरतीच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, जाहिरातीची वाट पाहू नका. चार महिने हाताशी ठेवा. पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, दोन मिनिटं पळा आणि दोन मिनिटं चाला. मग हळूहळू चालणं कमी करा. आठवड्याचं एकूण अंतर वाढवायचं ते साधारण दहाव्या हिश्श्यानं. हा काही दगडावरचा लेख नाही, पण अंदाजाला बरा आहे. दर चौथ्या आठवड्यात अंतर थोडं कमी करा, म्हणजे हाडांना भरून यायला सवड मिळते. जोरात पळण्याचा सराव सहाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एक-दोनदाच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हलकं काम. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टी म्हणजे आळस नव्हे. शरीर बळकट होतं ते विश्रांतीत, व्यायामात ते फक्त झिजतं.

पळायला डांबरापेक्षा मातीचा रस्ता बरा, पण खड्डे-दगड बघून. भाताची कापणी झाल्यावर सपाट, कोरडं खाचर मिळालं तर फारच उत्तम. बूट महागाचे नसले तरी चालतील, पण मापाचे असावेत आणि तळ झिजलेला नसावा. गोळा मुलांसाठी ७.२६० किलोचा असतो आणि मुलींसाठी ४ किलोचा. तो नुसत्या हातानं फेकला, की खांदा आणि कोपर दुखतात. जोर पायातून आणि कमरेतून यायला हवा. म्हणून आधी बैठका आणि जोर, मग हलका गोळा, मग खरा.

आता मैदानावरची एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. भरतीच्या दिवशी मुलं पहाटेच पोचतात, उत्साहात दोन फेऱ्या मारून अंग गरम करतात आणि मग आपला क्रमांक येईपर्यंत दोन-तीन तास बसून राहतात. तोवर अंग पुन्हा गार पडलेलं असतं. त्याच गार अंगानं १०० मीटरला झेप घेतली, की मांडीमागचा स्नायू खेचला जातो. बसल्या जागी सगळी तयारी वाया. आपला क्रमांक यायच्या दहा मिनिटं आधी जागच्या जागी पळा, गुडघे वर घ्या, टाचा मागं मारा. पोटात थोडं अन्न आणि पाणी असू द्या. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि त्यांतले काही प्राणाला मुकले, हे आपण विसरता कामा नये. उन्हात चक्कर आली, अंगावर काटा आला, घाम यायचा थांबला, बोलणं अडखळलं, तर ती हिंमत दाखवण्याची वेळ नाही. थांबायचं, सावलीत जायचं, अंगावर पाणी ओतून घ्यायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

मुलींसाठी दोन शब्द वेगळे सांगतो. उडी मारताना किंवा कबड्डीत एकदम वळताना मुलींच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. उडीवरून उतरताना गुडघे थोडे वाकलेले असावेत आणि एकमेकांकडे आत झुकू देऊ नयेत. आरशासमोर किंवा मैत्रिणीला बघायला सांगून हा सराव करता येतो. दुसरं असं, की वजन कमी करायचं म्हणून उपाशीपोटी पळू नका. खाणं कमी आणि व्यायाम जास्त झाला, की पाळी चुकायला लागते, आणि पाळी चुकू लागली, की हाडं कमजोर होतात. ही लाजेची गोष्ट नाही. आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा. नाचणी, दूध, डाळी, अंडी, शेंगदाणे हा खुराक आपल्या घरात मिळतो. महागड्या डब्यातल्या भुकटीची गरज नसते.

शेतातलं काम आणि व्यायाम

यावर गावातली मंडळी म्हणतात, गुरुजी, आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता? हे म्हणणं अर्धं खरं आहे. शेतातल्या कामानं दम वाढतो, हात-पाय काटक होतात. पण शेतातलं काम एकांगी असतं. एकच हालचाल, एकाच बाजूनं, तासन् तास. आमच्याकडे आंबेमोहोर आणि इंद्रायणी भात. पावसाळ्यात लावणी निघाली, की आमच्या आयाबहिणी चिखलात कमरेतून वाकून दिवसच्या दिवस रोपं लावतात. त्या पंधरा दिवसांत जेवढ्या कंबरा धरतात, तेवढ्या वर्षभरात धरत नसतील.

आणि आता एक नवी गोष्ट झाली आहे. घरातली कितीतरी मुलं पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा पुण्यात कामाला असतात. अकरा महिने यंत्रापुढं उभं राहायचं किंवा गाडी चालवायची, आणि लावणीला रजा टाकून चार दिवस शेतात यायचं. म्हणजे भरतीच्या मुलाची जी घाई, तीच इथंही. सवय नसलेल्या अंगावर एकदम भार.

लावणी काही थांबवता येत नाही, पाऊस कुणासाठी थांबत नाही. पण थोडी तयारी करता येते. मृग लागला, की रोज दहा मिनिटं काढा. खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं दहा वेळा. पालथं झोपून छाती वर उचलणं दहा वेळा. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं दहा वेळा. एवढ्यानं पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू जागे होतात. प्रत्यक्ष लावणीत बांधाशी पोचलं, की सरळ उभं राहायचं, हात कमरेवर ठेवून चार वेळा मागं झुकायचं. वाकताना पाठ गोल करण्याऐवजी गुडघ्यात थोडं वाकायचं. रोपांच्या जुड्या कुणी एकानंच दिवसभर वाहायच्या नाहीत, पाळीपाळीनं वाहायच्या. भाताचं पोतं उचलताना ते अंगाशी घ्यायचं, पायांवर उठायचं, आणि उचललेलं असताना कमरेत पिळायचं नाही. वळायचं असेल तर पाऊल उचलून वळायचं. पोतं उचलताना कमरेत जी चमक भरते, ती बहुतेक वेळा वजनानं भरत नाही, वजनासकट वळल्यानं भरते.

रविवारचे व्यायामपटू

पुण्याहून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच लागू आहे. पिरंगुटवरून मुठा घाट चढून टेमघर धरणाकडे जाणारा रस्ता रविवारी सकाळी सायकलींनी फुललेला असतो. बघून बरं वाटतं. त्यात साठीचे गृहस्थ असतात, नोकरदार मुली असतात. पण त्यांतले बरेच जण सोमवार ते शनिवार खुर्चीत बसलेले असतात आणि सगळा हिशेब रविवारी चुकता करायला निघतात. घाट चढताना जड गिअरवर जोर लावतात आणि गुडघ्याच्या वाटीमागं दुखणं घेऊन घरी जातात.

सायकलवाल्यांसाठी दोन गोष्टी. बैठकीची उंची अशी ठेवा, की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहील. बैठक फार खाली असली तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. दुसरं, चढाला हलका गिअर घ्या, पाय भराभर फिरू द्या. आणि मधल्या दिवसांत कुठल्याही दोन दिवशी वीस-तीस मिनिटं तरी चालणं, सायकल किंवा बैठका करा, म्हणजे रविवार अंगावर येणार नाही. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर दमणूक करणारा व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. छातीत दडपलं, दम नेहमीपेक्षा वेगळा लागला, तर ‘अपचन असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

सूर्यनमस्कारांचंही तसंच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा घराघरांत प्रसार केला, तो रोजचा नेम म्हणून. आपण मात्र वर्षभर काही करत नाही आणि रथसप्तमीला एकशे आठ घालायला उभे राहतो. दुसऱ्या दिवशी खांदे वर होत नाहीत. रोज सहा घाला, महिन्यानं बारा घाला. रथसप्तमीला सूर्यनारायण रागावणार नाही.

याहून धोक्याचं म्हणजे पैजेवरच्या बैठका. सवय नसताना कुणी पाचशे-हजार बैठका मारल्या, की स्नायू आतून तुटतात आणि त्यांतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करतात. दोन दिवसांत मांड्या दगडासारख्या होऊन लघवी काळ्या चहासारखी झाली, तर एक तासही न दवडता रुग्णालयात जायचं.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं

आता उपायांतला सर्वांत स्वस्त उपाय. व्यायामाआधी ताण देत एका जागी बराच वेळ उभं राहण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गार अंगाला असा लांब ताण दिल्यानं दुखापती टळतात, असं संशोधनात फारसं दिसलेलं नाही. उपयोग होतो तो हालता-चालता केलेल्या तयारीचा. नॉर्वेमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १९०० मुलींचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या संघांना रोजच्या सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम दिला होता. त्यात हळू पळणं, पायांची ताकद, तोल सांभाळणं, नीट उडी मारून नीट उतरणं एवढंच होतं. त्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या. त्याला ना यंत्र लागलं, ना पैसा.

आपल्या मुलांसाठी मी हाच क्रम सांगतो. तीन मिनिटं चालत-पळत जा. हात, खांदे, कंबर, घोटे फिरवा. दहा बैठका, दहा जोर. एका पायावर अर्धं मिनिट उभं राहा, मग दुसऱ्या. जमलं, की डोळे मिटून. हा तोल सांभाळण्याचा सराव घोटा मुरगळण्यापासून वाचवतो. शेवटी दोन-तीन वेळा वेग वाढवत छोटी धाव. एवढं झालं, की मुख्य व्यायाम. नंतर पाच मिनिटं चालत अंग शांत करा. स्नायूंना सावकाश ताण द्यायचा असेल तर तो आता द्या. आणि रात्री आठ तास झोप. मोबाईल बघत बारा वाजवायचे आणि पहाटे पाचला पळायला जायचं, हा नेम नव्हे, उधारी आहे.

दुखलं तर

एवढं करूनही कधी तरी दुखणारच. प्रश्न असा, की कोणतं दुखणं सोसायचं आणि कोणतं नाही. व्यायामानंतर दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, बोथट दुखत असेल आणि दोन-तीन दिवसांत ओसरत असेल, तर ते अंग दुखणं. त्यात हलका व्यायाम चालू ठेवायला हरकत नाही. पण एकाच पायात, हाडावर, नाण्याएवढ्या जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, पळताना वाढत असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करायचं आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचं. गोळी घेऊन पळणं सर्वांत वाईट. दुखणं हा शरीराचा निरोप आहे, आणि गोळी तो निरोप मधेच अडवते. शिवाय घामानं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडालाही बाधतात.

पाय मुरगळला, तर आपल्याकडे लगेच तेल लावून चोळतात, शेकतात. भावना मायेची असते, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळल्यानं आणि शेकल्यानं सूज वाढते. त्यावेळी विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, हलकी पट्टी आणि पाय उशीवर वर. बर्फ नसेल तर विहिरीच्या गार पाण्याची पट्टी. पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, सांधा वाकडा दिसत असेल, बधिरपणा आला असेल, किंवा गुडघा तास-दोन तासांत टम्म फुगला असेल, तर ओढून-खेचून ‘बसवून’ घेऊ नका. हाड मोडलेलं असू शकतं, आत अस्थिबंध तुटलेला असू शकतो. क्ष-किरण काढा.

आणि बरं झाल्यावर परत सुरुवात करताना पुन्हा पहिल्या पायरीपासून. जुनी दुखापत ही नव्या दुखापतीचं सर्वांत मोठं कारण असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. पण पुढचं, १९५६ चं ऑलिंपिक त्यांना गुडघ्याच्या दुखापतीमुळे मुकावं लागलं. एवढ्या मोठ्या पैलवानाला जर एक गुडघा थांबवू शकतो, तर आपण आपल्या गुडघ्याला गृहीत धरू नये.

व्यायाम न करणं हा काही दुखापतीवरचा उपाय नाही. न वापरलेलं अंग साध्या घसरण्यानंही मोडतं. उपाय आहे तो रोज थोडं, आणि उद्या आजच्यापेक्षा किंचित जास्त, हा. भरतीची पुढची जाहिरात कधी निघेल, हे आपल्या हातात नाही. लावणीचा पाऊस कधी पडेल, हेही नाही. पण त्या दिवशी आपलं अंग मुरलेलं असेल की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. उद्या सकाळी अर्धा तास लवकर उठा. पहिल्या दिवशी नुसतं चालून या, तेवढं पुरे.